एकोणीस मिनिटं

अकराच्या ठोक्याला दगाने बटण दाबलं आणि बावीस मजल्यांवरचे सगळे भोंगे एकदम ओरडायला लागले.

दगा त्या इमारतीचा वीजमिस्त्री. कालपासून चोवीस तास त्याने आगीच्या अलार्मची लाइन बंद ठेवली होती. आग लागली की बंबवाले आधी वीज तोडतात, तेव्हा अलार्मला आपल्या बॅटरीवर जगता आलं पाहिजे. चोवीस तास नुसतं जागं राहायचं आणि वर अर्धा तास बोंब मारायची, अशी ही वर्षाची परीक्षा. पास झाली की वहीत दगाची सही.

तो पॅनेलसमोर बसला होता, पण मन केव्हाच अमळनेरच्या गाडीत जाऊन बसलं होतं. गाडी एक वाजता होती. उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरायचा सण. मार्गशीर्षात त्याची बायको रंजना गेली, तिच्या नावाची ही पहिली घागर, आणि ती दगानेच भरायची होती. तेवीस वर्षांच्या संसारात बायको गावी आणि हा सुरतेत. ती होती तेव्हा त्याला सुट्टी मिळत नव्हती. आता तिची आठवण मात्र एक दिवस खाडा करत नव्हती. निदान तिच्या नावाचं पाणी तरी आपल्या हातचं असावं, एवढंच त्याला हवं होतं.

एकोणिसाव्या मिनिटाला भोंग्यांचा घसा बसला. थोडे घरघरले आणि गप्प झाले.

सोसायटीचे सेक्रेटरी हसमुखभाई कानातला कापूस काढत आत आले. "चालो, पती गयु, खतम! सही करी दो, दगाभाई. गाडी पकडो."

"शेठ, आधा घंटा चाहिए था."

"अरे, उन्नीस मिनट में तो पूरी बिल्डिंग नीचे आ जाए. नई बैटरी सोमवार को मंगवा लेंगे."

हसमुखभाईंचा सोमवार दगाला चांगला ठाऊक होता. एकदा सही झाली की बॅटरीचं नाव कोणी काढणार नव्हतं. नापास लिहिलं, तर नियमाने आजच नवी बॅटरी आणायची, चार्ज करायची आणि पुन्हा चोवीस तास पॅनेलसमोर बसायचं. म्हणजे आखाजी गेली.

खोटं कशाला सांगा, दगाने पेनाचं टोपण काढलं. पण सहीआधी टेस्टसाठी उघडलेली जिन्याची दारं लावायची असतात. म्हणून तो उठला.

चौथ्या मजल्याच्या पायरीवर शोभाबाई बसल्या होत्या. अठराव्या मजल्यावरच्या बँकवाल्या साहेबांची आई. एका हातात चपला, दुसऱ्या हातात काठी, आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"आजी, टेस्ट होती. ग्रुपवर टाकलं होतं ना?"

"मला कुठे दिसतंय त्या मोबाइलात! भोंगा झाला तशी निघाले. लिफ्ट घेऊ नये म्हणतात." त्यांनी दम घेतला. "मग आवाज थांबला. म्हटलं, विझली वाटतं. म्हणून जरा टेकले."

दगाने त्यांना हात धरून उठवलं, लिफ्टने घरी पोचवलं. खाली येऊन वहीत मोठ्या अक्षरांत 'नापास' लिहिलं आणि खाली सही केली. हसमुखभाई बराच वेळ बोलत होते. दगाने एक शब्दही ऐकला नाही.

एक वाजून गेल्यावर वैशालीचा फोन आला. लेक माहेरी कालच पोचली होती.

"आबा, गाडीमा बठनात का?"

"नही बेटा. घागर तूच भर."

दगाचे डोळे भरायचे ते भरलेच.

"आबा, पहिली घागर शे. भरतांना मायले काय सांगू?"

"सांग, अठराव्या मजलावर एक बाई ऱ्हास," दगा म्हणाला. "तिले खाले उतराले टाइम लागस."