उजवा खांदा

“ही सवय मोडू नकोस, फेर्मीन. तुझं तोंड नाही दिसलं तरी खांदा दिसतो मला.”

एलिहिओचं हे वाक्य फेर्मीनला आठवलं, तेव्हा चेंडू त्यानं नुकत्याच सोडलेल्या जागेतून सरपटत मागच्या गवतात गेला होता. तिसऱ्या बेसवरचा धावपटू हात पसरून शेवटच्या, घरच्या बेसवर आला. त्या एका धावेनं बेसबॉलची फायनल संपली. विजेतेपदाचा मुकुट राजधानीच्या संघाला गेला. चेंडू मारणारा एलिहिओच होता.

अकरा हिवाळे दोघं एकाच संघात खेळले होते. दुसऱ्या बेसच्या एका अंगाला फेर्मीन, दुसऱ्या अंगाला एलिहिओ. पहिल्या बेसवरचा धावपटू पळाला की दोघांपैकी एकानं धावत दुसरा बेस गाठायचा. जो जाईल त्याची जागा उघडी पडते. कोण जाणार हे बॅटवाल्याला आधीच कळलं, तर तो नेमका तिथूनच चेंडू काढणार. म्हणून हातमोजा तोंडापुढे धरून जोडीदाराला खूण करायची. तोंड मिटलेलं तर मी जातो, उघडं तर तू जा.

तोंड मिटताना फेर्मीनचा उजवा खांदा किंचित खाली उतरे. ते फक्त एलिहिओला ठाऊक होतं, आणि त्यानं ते जपलं. का नाही जपणार? त्याच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी फेर्मीननं धर्मपिता म्हणून हातांवर घेतलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. पहिली फायनल हरले तेव्हा एलिहिओ दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी फेर्मीननं त्याला धरून इगुएईच्या चर्चमध्ये नेलं, आल्ताग्रासिया माउलीपुढे. दोघं शेजारी गुडघे टेकून पुटपुटले. कोण काय बोललं ते कोणी विचारलं नाही. तसं विचारू नये.

यंदा एलिहिओ राजधानीच्या संघात गेला. फेर्मीनला ते न्हाव्याच्या दुकानातल्या रेडिओवर कळलं. अर्ध्या गालाला साबण तसाच राहिला.

“आजोबा, काठी घरी विसरलात!” फायनलनंतर फेर्मीन मैदानातून बाहेर पडताना वर प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं.

मॅनेजरनं तर त्याच्याकडे पाहिलंही नाही. “जागा सोडलीस ती सोडलीस, निदान तुझी सावली तरी ठेवायचीस तिथं! पुढच्या वर्षी तू घरीच बस, म्हाताऱ्या. तुझे गुडघेही तेच म्हणतायत.”

खांद्याची गोष्ट सांगून कोणाला पटणार होती? फेर्मीन सरळ पलीकडच्या गर्दीत शिरला. एलिहिओ बियरच्या फेसानं नखशिखांत भिजला होता.

“खांदा पाहिलास माझा.”

एलिहिओचं हसू जागच्या जागी थिजलं. मग त्यानं तोंड पुसलं. “अकरा वर्षं पाहत आलोय, कोंपाद्रे. आता काय डोळे काढून ठेवू?”

“मोडू नकोस म्हणाला होतास.”

“तेव्हा माझ्या बाजूला होतास तू.” त्याला कोणीतरी उचलून खांद्यावर घेतलं. तो वरून म्हणाला, “असं बघू नकोस ना! खेळ आहे हा.”

सकाळी निनोस्का कॉफी घेऊन दाराशी आली, तर नवरा पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता.

“कुठं निघालास?”

“इगुएईला. चालत.”

“अनवाणी? या गुडघ्यांनी?” ती त्याच्याजवळ टेकली. “माफ केलंस की काय त्याला?”

“नाही.” त्यानं मोजे काढून बुटांत कोंबले. “नवस फेडायचा आहे.”

“अरे, हरलास ना तू! हरलेल्याचा कसला नवस?”

फेर्मीननं कॉफीचा एक घोट घेऊन कप तिच्या हातात दिला.

“मी माझ्यासाठी काही मागितलंच नव्हतं, निनोस्का. ‘एलिहिओला एकदा मुकुट मिळू दे,’ एवढंच तेव्हा माउलीपुढे म्हणालो होतो.”

पाण्याची बाटली उजव्या खांद्याला अडकवून तो उसामधल्या रस्त्याला लागला.