पाण्याखालची मिरवणूक

तोयोची सून बाळंत झाली, ते १९८८ साल. नातीचं तोंड बघायला ती एकदाच गेली आणि दुपारच्या गाडीने तोक्योला, स्टुडिओत परतली. हाताने काढलेल्या चित्रांचा अ‍ॅनिमेशन सिनेमा अर्ध्यावर होता.

दिग्दर्शक हातानाका फेब्रुवारीपासून इस्पितळात होते. तिथून रोज थोडी थोडी आराखड्याची चित्रं यायची, त्यावरून इथली तीस माणसं सिनेमा काढायची. शेवट कुणालाच ठाऊक नसायचा. हातानाकांची रीतच तशी. सध्या सिनेमात समुद्राच्या तळाशी छत्र्यांची मिरवणूक चालली होती. छत्र्यांखाली माणसं नव्हती. मागून एक मुलगी झोपेत चालत होती.

चित्रं आणायची हातानाकांची बायको, फुमिए. आजची देऊन ती तिथेच बसली होती.

"आज मुलीला डोळेच नाहीत," रंगवणारी किकुनो म्हणाली. "तोयोताई, काटा येतो हो अंगावर."

"येऊ दे. जागा कोरी ठेव."

तोयो मुख्य चित्रकार. प्रत्येकाच्या चित्रावर पिवळा कागद ठेवून ती रेघ सुधारायची, म्हणजे तीस हातांचं काम एकट्या हातानाकांचं वाटायचं. तेवीस वर्षं हेच.

तेवढ्यात निर्माते कामाता आत शिरले. बूट काढायचंही भान नव्हतं त्यांना.

"वहिनी, मला इस्पितळात सोडत नाहीत. खरं सांगा, गुरुजी आहेत ना? वितरकांनी बजावलंय. ते नसतील तर सिनेमा त्याच दिवशी बंद."

"आज दोन चमचे पेज घेतली," फुमिए खाली बघत म्हणाली.

कामातांनी आजची चित्रं तोयोपुढे टाकली. "त्यांचा हात तुमच्याइतका कुणी ओळखत नाही. ही रेघ त्यांची?"

किकुनोचा कुंचला थांबला. तोयोने चष्मा लावला. एकेक कागद दिव्याच्या काचेवर ठेवून पाहिला. घाई केली नाही.

"त्यांचीच. इथे जरा थरथरलाय हात. ताप असेल."

कामाता मटकन खाली बसले. "सुटलो! मग चालू द्या, बाई, चालू द्या." घाम पुसत ते निघून गेले.

फुमिएही उठली. तोयो तिला पोचवायला जिन्यापर्यंत गेली. तिथे कुणी नव्हतं. तोयोने कोटाच्या आतून एक पाकीट काढलं आणि तिच्या पिशवीत सरकवलं.

"ही उद्याची. शेवट परवापर्यंत काढून होईल माझा."

फुमिए कमरेत वाकली, ती बराच वेळ वर आली नाही.

त्या दिवशी एकवीस एप्रिल होती. दिग्दर्शक हातानाका नऊ मार्चला वारले होते.