सदतीस अंश

"दोघांचं उत्तर एकच आहे," कर्णिकसर म्हणाले, "आणि दोघांचंही चूक आहे."

त्यांनी जमनाचा आणि पुंजारामचा कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवला. तिसरा कागद मुंबईहून आला होता. विद्यापीठाच्या गणकयंत्राने तेच गणित सोडवून पाठवलं होतं आणि त्याचं उत्तर वेगळं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत विद्यापीठाने बोईसरच्या शाळेत पंधरा दिवसांचा वर्ग भरवला होता. मुरब्याच्या खाडीतल्या भरती-ओहोटीच्या नोंदी घ्यायच्या आणि पुढे पाणी किती चढेल ते आकडेमोडीने काढायचं. प्रत्येक गणित दोघांना, दोन वेगळ्या खोल्यांत. दोघांचं उत्तर जुळलं की बरोबर धरायचं. वर्गातल्या पहिल्या दोघांना तारापूरच्या प्रकल्पावर आकडेमोडीची नोकरी मिळणार होती. कालपर्यंत ते दोघे म्हणजे जमना आणि पुंजाराम.

"दोन माणसं आपापल्या वाटेने बरोबर उत्तरावर येतात," कर्णिकसर म्हणाले. "एकाच चुकीवर येत नाहीत. कोणी कोणाचं उतरवलं?"

"कुणीच न्हाई, सर," पुंजाराम म्हणाला. तो परभणीकडचा, प्रकल्पाच्या गोदामात कारकून होता. "पंधरा दिसांत हिच्या डब्यातली माशाची तुकडी मिळाली न्हाई मला. उत्तर कुठून मिळायचं?"

मागच्या बाकांवर हसू फुटलं. मुलाचं आणि मुलीचं नाव एकत्र घेतल्यावर लोक हसतात, तसं ते हसू होतं. जमनाने मान खाली घातली.

कर्णिकसर दाराकडे वळले. "नागोराव, दोन्ही खोल्यांच्या मध्ये, व्हरांड्यात तुम्ही बसला होतात."

नागोराव सोनटक्के उठून उभे राहिले. हाताने करायची आकडेमोड ते शिकवत. साठी उलटलेली, बोलताना नजर जमिनीकडे. "कोणी उठलं नाही. म्हणजे, मला तरी दिसलं नाही."

"वाचत बसला असाल."

नागोराव खाली बसले. पुढच्या वर्षी त्यांना बोलवायचं की नुसतं यंत्रच शिकवायचं, हे कर्णिकसर ठरवणार होते. सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"उद्या समारोपात निर्णय सांगतो," कर्णिकसर म्हणाले.

जमना दुपारी मुरब्याला घरी पोचली तेव्हा तिची आई येसूबाई अंगणात बोंबील वाळत घालत होती.

"त्वांड का उतारलं? चुकलीस काय?"

"नाय, आये. चोरी केली म्हणतात."

येसूबाईचे हात थांबले. "केलीस?"

"नाय."

"मंग त्यांना दाव नाय केली ती." तिने दुसरा बोंबील उचलला. "नोकरी नाय मिलाली तं सोमवारपासून डोक्यावर मासलीची पाटी हाय नि बोयसरचा बाजार हाय. माजं गुडघं आता नाय चालत, पोरी. मी तरी किती दिस रेटू?"

ज्या-कोज्यांच्या, म्हणजे साइन-कोसाइनच्या, ज्या कोष्टकांवरून सगळे गणित करत, त्यांची पुस्तिका घेऊन जमना ओट्यावर बसली. नागोरावांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना अशी एकेक दिली होती, प्रत्येक पुस्तिकेला स्वतःच्या हाताने तपकिरी कागद चिकटवून. "इथली हवा खारी. पुस्तक ओलावतं," ते म्हणाले होते. आणखी एक सांगितलं होतं, "एकट्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. शेजारच्यापासून तो किती लांब आहे ते पाहा. पायऱ्या सारख्या लागल्या पाहिजेत."

ती एकेक पायरी मोजत गेली. पस्तीस अंशांवरून छत्तीसला एकशेबेचाळीस. छत्तीसवरून सदतीसला दोनशेतीन. सदतीसवरून अडतीसला शहात्तर.

ती थांबली. सदतीसपुढे छापलं होतं ६०८१. तिने ६०१८ धरून पाहिलं. पायऱ्या सरळ लागल्या. मग तिने सगळं गणित पुन्हा केलं. ऊन अंगणातून गेलं तेव्हा उत्तर आलं. ते यंत्राचंच होतं.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी शाळेत आली. नागोराव फळा पुसत होते.

"सर, सदतीस अंशांचा आकडा..."

"नववं पान," ते पुस्तिका न उघडताच म्हणाले.

तिने आपला कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"पुंजारामला?"

"त्यालाही नाही."

"मग आत्ता सांगू नकोस. हा कागद माझ्याकडे राहू दे."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मग बाकांवरच्या पुस्तिका एकेक करून उचलल्या आणि कापडी पिशवीत भरल्या. शेवटी तिच्या हातातलीही घेतली. तिला नाही म्हणता आलं नाही. आता तिच्यापाशी दाखवायला काहीच उरलं नव्हतं. सोमवारची पाटी तिला डोक्यावर आत्ताच जाणवली.

समारोपाला प्रकल्पाचे इंजिनियर आले होते. कर्णिकसरांनी सगळा प्रकार सांगितला आणि विचारलं, "नागोराव, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"नक्कल झाली आहे," नागोराव म्हणाले.

जमनाने बाकाची कड घट्ट धरली. पुंजारामने तिच्याकडे पाहिलं.

"दोघांनीही केली आहे. पण एकमेकांची नाही. तिसऱ्याची."

त्यांनी खिशातला कागद आणि एक पुस्तिका कर्णिकसरांपुढे ठेवली. "नववं पान. सदतीसचा आकडा चूक आहे. जमनाने एका दुपारात शोधला."

कर्णिकसरांनी नववं पान जमनाच्या कागदाशी ताडून पाहिलं. "इतकी साधी चूक? ही कोष्टकं काढली कोणी?"

नागोरावांनी पुस्तिका उचलली आणि वरचा तपकिरी कागद फाडायला घेतला. डिंक चांगला लागला होता. आतून हिरवं मुखपृष्ठ निघालं. कोणीच ते आजवर पाहिलं नव्हतं. त्यांनी ते जमनाच्या हातात दिलं.

"मोठ्याने वाच."

"'ज्या-कोज्या कोष्टके,'" जमनाने वाचलं. "'आकडे काढून तपासणार...'" ती अडखळली.

"वाच, बाळ."

"'नागोराव सोनटक्के.'"