रबरी शिंगं

जगबुडीवरच्या विनोदी भयपटात माझा नवरा सैतान झाला होता. मंत्रांच्या रिंगणात बसायचं आणि सैतानाला बघून रडायचं, एवढंच काम आमच्या दीड वर्षाच्या लेकीला होतं. पण ती त्याची रबरी शिंगं धरून खुदुखुदु हसत राहिली.

"वहिनी, इथे जग बुडतंय आणि तुमच्या कन्येला गुदगुल्या होताहेत," दिग्दर्शक वैतागले. "आता रडली नाही, तर दुसरं बाळ आणतो."

घामाने भिजलेल्या नवऱ्याने शिंगांचा मुखवटा काढला आणि तो तिच्यासमोर वाकला. त्याचा चेहरा दिसताच तिने चटकन दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं आणि टाहो फोडला.

कॅमेरा चालूच होता. दिग्दर्शक खूश झाले.

काम आटोपल्यावर लेकीला छातीशी धरून मी त्यांना विचारलं, "तो मुखवटा आम्ही घरी नेऊ का?"