पहिल्या पटावरची काळी मोहरी

मुकुलने पांढरा घोडा पुढे घातला आणि खिडकीशी उभ्या सावनीला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. बरोब्बर तिने सांगितलं तसंच.

सकाळी वडापाव खाताना तिनेच त्याला गाठलं होतं. "आर्या काळ्यांनी नेहमी कॅरो-कान बचाव खेळते. राजाच्या बाजूने अंगावर जा. घाबरते ती."

"तुझी मैत्रीण ना गो?" दापोलीच्या मुकुलने विचारलं होतं.

"म्हणून काय झालं?"

आर्या शिकली तो पट सावनीच्या घरचा, शिकवणारे राजाभाऊ सावनीचे सख्खे काका, आणि पेपरात फोटो कुणाचा? आर्याचा. वर आई रोज ऐकवणार, "तिच्याकडे बघून शीक जरा." या स्पर्धेतही सावनी हरली ती आर्याकडूनच. आता सावनीचे आणि बुरोंडीच्या ज्ञानेश्वरीचे गुण सारखे, दोघींचे डाव संपलेले आणि जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरलेली. संघ ठाण्याला जाणार, तेही नव्याकोऱ्या कोकण रेल्वेने. पंच बहुतेक चिठ्ठी टाकतील. चिठ्ठीचं बघू मागाहून. आधी आर्या हरू दे.

पण आर्या घाबरलीच नाही. प्यादी एकमेकांना चिकटवून गप बसली. मुकुलचा उंट आला, हत्ती आला, वजीर आला; सगळे दाराशीच ताटकळले. मुकुलचे कान लाल झाले. त्याला दापोलीची एसटीही गाठायची होती.

"ड्रॉ?" त्याने हात पुढे केला.

ड्रॉ झाला तरी आर्याच पहिली येणार होती. तिने फळ्यावरच्या गुणांकडे बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. "नको."

"शायनिंग," सावनी पुटपुटली. "सगळेच गुण हवेत बाईसाहेबांना."

आर्याने एक प्यादं खाल्लं. मग दुसरं. शेवटी मुकुलने राजा आडवा केला. टाळ्या पडायच्या आत सावनी पाण्याच्या टाकीकडे सटकली.

परतली तेव्हा पंच फळ्यावर संघ लिहीत होते. चौथं नाव सावनीचं.

"सर, चिठ्ठी कधी टाकलीत?"

"चिठ्ठी कसली? गुण सारखे असले की समोर कोण कोण खेळलं, त्यांच्या गुणांची बेरीज बघतात. तुला हरवणारी आर्या जिंकली. ज्ञानेश्वरीला हरवणारा मुकुल पडला."

आर्या मागून येऊन तिच्या गळ्यात पडली. अजून तिचे हात गार होते.

"ड्रॉ घेतला असता ना, तर तू संघाबाहेर राहिली असतीस गो."