खालची वस्ती

"वरच्या वस्तीला फडकं दिलं. आमाला कावून न्हाई?"

अंजना बारवेच्या पायरीवर उभी होती. कमरेवर भरलेली घागर. समोरच्या शहादेवने हातातला कापडाचा गठ्ठा खाली ठेवला.

शहादेव निजामाच्या राज्यातल्या केजच्या बाजूचा, शेतकऱ्याचा मुलगा. हैदराबादेत शिकून डॉक्टर झाला होता आणि आता वरच्या पदवीसाठी नारूवर प्रबंध लिहीत होता. नारूचा दोऱ्यासारखा किडा पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरतो आणि वर्षाने पायातून बाहेर पडतो. पाणी जाड फडक्यातून गाळलं तर तो शिरत नाही, हे शहादेवला आकड्यांनी दाखवायचं होतं. त्याचे प्रोफेसर विठ्ठलराव यांनी रीत घालून दिली होती. एकाच बारवेचं पाणी पिणाऱ्या दोन वस्त्या निवडायच्या. एकीला फडकी द्यायची, दुसरीला द्यायची नाहीत. वर्षाने दोन्हीकडचे रोगी मोजायचे. चिठ्ठी टाकली. फडकी वरच्या, कुणब्यांच्या वस्तीला गेली. खालची धनगरांची वस्ती राहिली.

"वर्षभर थांबा. मग तुम्हालाही देतो," तो म्हणाला.

"वर्सभर काय पेयाचं मग?" अंजना म्हणाली. "मालक तीन महिनं झालं पडून हायेत. काडीला किडा गुंडाळायचा आन् रोज बोटभर वढायचा. तुटला की पाय लई सुजतोय. ह्या पान्यानंच व्हतंय ना? तुमाला ठावं हाय ना, डाक्टर?"

"हो," शहादेव म्हणाला.

एवढं बोलल्यावर तो तिच्यासमोर उभा राहू शकला नाही. त्याच दुपारी उरलेलं सगळं कापड घेऊन तो खालच्या वस्तीत गेला. घागरीच्या तोंडाला फडकं कसं बांधायचं, कोणती बाजू कायम वर ठेवायची, हे त्याने प्रत्येक घरात बसून दाखवलं.

पुढच्या वर्षी दोन्ही वस्त्यांत नारूचा एकही रोगी निघाला नाही.

हैदराबादेत विठ्ठलरावांनी त्याचे कागद चाळले आणि बाजूला सारले. "यात तुलना कुठे आहे? नारू यंदा आपोआप गेला असं कुणी म्हटलं तर काय सांगशील? दुसरं गाव बघ. आणि या वेळी मन घट्ट कर."

"दुसऱ्या गावातही मी सगळ्यांना फडकी देईन, साहेब."

"मग पदवी विसर."

तो केजला आला, दवाखाना काढला. आसपासच्या आठ गावांत नारू होता. नुसतं सांगून कुणी ऐकत नसे, घरोघरी बसावं लागे. एका गावात अख्खा उन्हाळा सरे. अंजनाचं गाव जवळच होतं, ती सवड काढून सोबत यायची. बायका त्याच्यापेक्षा तिचंच ऐकायच्या. बाकीच्या गावांतले रोगी तो तपासायचा आणि जुन्या सवयीने आकडे लिहून ठेवायचा.

सहा वर्षांनी विठ्ठलराव दौऱ्यावर केजला आले. दवाखान्यात बसून त्यांनी त्याच्या वह्या मागितल्या. चहा निवून गेला तरी ते वाचत होते.

"हे गाव फसली सन एकेचाळीसला मोकळं झालं," वहीतल्या एका नावावर बोट ठेवून ते म्हणाले. "त्याच साली शेजारच्या गावात सदतीस रोगी. तिथे तू त्या उन्हाळ्यात गेलास. वर्षाने तेही मोकळं. सहाही गावं अशीच, तू गेलास त्याच क्रमाने. नारू आपोआप गेला असता तर सगळीकडून एकदम गेला असता." त्यांनी चष्मा काढला. "कुणाचं फडकं न अडवता तू तुलना करून दाखवलीस, शहादेव. मला हे सुचलं नव्हतं."

"मलाही नव्हतं, साहेब. एकटा होतो, म्हणून एकेक गाव घेतलं."

"हैदराबादला चल. प्रबंध लिही. मी स्वतः सही करतो."

"अजून दोन गावं राहिलीत. उन्हाळा तोंडावर आलाय."

विठ्ठलराव उठले, अंगातला कोट काढून त्यांनी खुंटीला अडकवला.

"त्यातलं एक मला दे," ते म्हणाले. "फडकं कसं बांधायचं, तेवढं आधी दाखव."