एका डॉलरचा कोल्बी

जो जिंकेल त्याच्या घरी पुढचा लिलाव, हा टोलेडोच्या या दहा दोस्तांचा जुना नियम. गेल्या वर्षी लायल जिंकला, म्हणून यंदा सगळी पलटण त्याच्या तळघरात, बिअर आणि चिकन विंग्ज घेऊन. खऱ्याखुऱ्या फुटबॉलपटूंची कागदी टीम उभारायला प्रत्येकाला दोनशे खोटे डॉलर; मग ते खेळाडू वर्षभर मैदानात जसे खेळतील, तसे टीमला गुण.

लायलचा डाव ठरलेला. नको असलेल्या बड्या खेळाडूंची बोली चढवून बाकीच्यांचे खिसे रिकामे करायचे आणि शेवटी, ज्याला अजून कुत्रंही विचारत नव्हतं त्या नवख्या कोल्बीला एका डॉलरला उचलायचं. हे तो फक्त बायकोजवळ बोलला होता. ग्लेंडाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

पण लायलने बोली चढवली रे चढवली, की त्याचा जिवलग व्हर्न ओरडायचा, "गप्प बसा रे, त्याला हवाय कुठे तो!" मग सगळे गप्प, आणि नको तो खेळाडू लायलच्याच गळ्यात. कोल्बीचं नाव निघालं तेव्हा लायलकडे उरले होते पाच डॉलर. व्हर्नने शांतपणे सहा म्हटले.

"शाळेपासूनची दोस्ती आपली," लायल कळवळून म्हणाला. "माझ्या मनातलं तुला कळलं कसं रे?"

व्हर्नने ताटलीतला आणखी एक विंग उचलला.

सोफ्यावरचे सॉसचे डाग पुसता पुसता ग्लेंडाच म्हणाली, "व्हर्न, पुढच्या वर्षी ही पलटण तुझ्याकडे हं. ठरल्याप्रमाणे."